चाक धरायला काकू

मिस्त्री कामाला वाघ, पण भलते हट्टी. गॅरेजात क्लच बदलायची गाडी आली की मागच्या घराकडे तोंड करून एकच हाक, "अगं, ये गं जरा!" कारण क्लचच्या मागचं फ्लायव्हील. त्याचे बोल्ट सोडवायला जावं तर ते जड चाक पान्याबरोबर स्वतःच फिरायला लागतं. कुणीतरी त्याच्या दात्यांत मोठा स्क्रूड्रायव्हर अडकवून घट्ट धरून ठेवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे काकू, मिस्त्रींची बायको. बिचाऱ्या हातातलं शिवण टाकून यायच्या.

आणि शिवण तरी कसलं! काकूंनी केलेलं रफू डोळे फाडून शोधलं तरी सापडायचं नाही. लांबलांबून लोक कपडे घेऊन यायचे.

चाक अडकवायचं लॉक मिळतं, ते एकदाचं आणा, असं काकू कितीदा म्हणाल्या. तू असताना लॉक कशाला, म्हणून मिस्त्री हसण्यावारी न्यायचे. वर हे आपण कौतुकच करतोय, असं त्यांना वाटायचं. आता बोला!

एकदा गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. घाईत मिस्त्रींनी 'धर' न म्हणताच पान्याला हिसका दिला. स्क्रूड्रायव्हर निसटला आणि काकूंचं मनगट पिरगळलं, ते कायमचंच. औषधं झाली, शेक झाले, पण सुई धरली की हात थरथरायचा. हळूहळू लोक यायचे थांबले. काकूंनी शिवणाचा डबा उचलून फडताळात ठेवून दिला, एवढंच. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना अजून वाटतं.

शेवटी त्यांनी लॉक आणलं. तळहातावर मावेल एवढा दातेरी तुकडा. एका बोल्टनं आवळला आणि चाक जागचं हलेना. मिस्त्री एकटेच काम करत होते, तेवढ्यात काकू शर्ट आणि सुईदोरा घेऊन आल्या. वाकून त्यांनी त्या तुकड्यावरून बोट फिरवलं.

"एवढंसंच होतं होय ते?"

"आधीच आणायला हवं होतं गं. चुकलंच माझं," मिस्त्री कसंबसं म्हणाले.

काकूंनी सुई पुढे केली. "हात पुसा आणि एवढा दोरा ओवून द्या. तुमच्याच शर्टाचं बटण आहे."

मिस्त्रींनी हात पुसले, पुन्हा पुसले. दोरा काही केल्या ओवला जाईना.