दार अडवायचा मान

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठी. कुणी लिहिलं की त्या दिवशी अमावास्या होती, की मी लगेच कॅलेंडर बघणार. माझे वडील हायस्कूलमध्ये सायन्स शिकवायचे. आमच्या घरी मुलांची दृष्ट काढलेली त्यांना खपायची नाही. पुढे मी नगरला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली. भुताखेतांची पुस्तकं मीच कपाटात लावली, मीच इश्यू केली, आणि एकदाही अंगावर काटा आला नाही. आजही मी अशा गोष्टी मानते, असं म्हणवत नाही... तरी हे लिहिते आहे. कारण ज्यांच्याबरोबर हे घडलं ते माझे यजमान या उन्हाळ्यात गेले, आणि आता ही गोष्ट माहीत असलेलं माणूस मी एकटीच उरले. रोज थोडं थोडं लिहिते. कुठे रेंगाळले तर सांभाळून घ्या.

गोष्ट १९७१ सालच्या सुरुवातीची, थंडीतली. माझं लग्न कोल्हारच्या दिनकररावांशी झालं. कोल्हार म्हणजे नगर-मनमाड रस्त्यावरचं, प्रवरेच्या काठचं गाव. घरची शेती होती आणि हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. सासरे आधीच गेले होते. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, आणि शेजारी चुलत घरातली भरपूर माणसं. मुलगा एकुलता एक, असंच आम्हाला सांगितलं होतं.

नवी सून दारात आली की नवऱ्याच्या बहिणीनं दार अडवायचं, नाव घ्यायला लावायचं, काहीतरी मागायचं आणि मग आत सोडायचं, ही आपल्याकडची रीत. सख्खी बहीण नसेल तर चुलत, मावस, कुणीही चालते. मी नगरहून कोल्हारला येताना गाडीत डोळे मिटून उखाणा जुळवत होते. माझ्या मते चांगला जुळला होता. दारात पोचलो, चुलत नणंद शांता हसत पुढे आली, तिनं चौकटीला हात लावला... आणि आतून आत्याबाई कडाडल्या, "बाजूला सर, शांते! दार अडवू नका कुनी. येऊ द्या तिला सरळ."

मी माप ओलांडून आत गेले. उखाणा तसाच ओठात राहिला. पाहुणी येते तशी मी त्या घरात शिरले, सून म्हणून कुणी घेतलंच नाही, असं वाटत राहिलं. आपण आत्याबाईंना पसंत नाही, हे मी त्याच रात्री मनात पक्कं करून टाकलं. यांना विचारायची सोय नव्हती. हे बोलायचे फार कमी, आणि ओळख तरी किती दिवसांची!

त्यात हनीमूनचा विषय निघाला. तो शब्दच तेव्हा घरात नवा. चुलत सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "जेजुरी करा, भगवतीला जा, समदं समजतं. पन हे हानीमून म्हंजी काय गं? दर्शन न्हाई, जत्रा न्हाई, नुसतं जाऊन ऱ्हायाचं?"

"नुसतं राहायचं," हे म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

मला महाबळेश्वर हवं होतं. माझी हॉस्टेलची मैत्रीण जाऊन आली होती. दरीकडे तोंड असलेली खोली, सकाळी ट्रेमधून चहा, असं सगळं तिनं रंगवून सांगितलं होतं. हे म्हणाले, भंडारदरा. मी विचारलं, "तिथं काय आहे?" तर उत्तर आलं, "आपली नदी तिथून येते." मैत्रिणीला कळवलं तेव्हा ती हसून बेजार. "म्हणजे सासरच्या हौदात पाणी कुठून येतं ते बघायला चाललीस का?"

तरी मी गेले. लॅबमधल्या एकांनी ओळखीनं धरणावरच्या सरकारी बंगल्यात खोली मिळवून दिली होती. संगमनेर, अकोले, राजूर करत एस.टी.नं पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. बंगला बघितला आणि माझा राग निवळला. पुढे व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, समोर पसरलेलं पाणी आणि पलीकडे डोंगर. पलंगावर पांढरी चादर. महाबळेश्वर विसरायला तयार झाले मी.

पण यांनी बॅगही उघडली नाही. चौकीदाराला विचारलं, "खाली, पाणी सुटतं तिथं राहायला काही आहे का?"

"हायेत की दोन खोल्या, धरान बांधलं त्या येळच्या," तो म्हणाला. "पन सायेब, तितं पान्याचा आवाज लई. अन् भिती वल्या. नव्या नवरीला तितं कशाला नेताय? बाईसाहेब माहेरी पळून जातील ना!"

बघायला म्हणून आम्ही खाली उतरलो. धरणाच्या भिंतीखाली, नदीच्या अगदी कडेला, दगडी खोल्या होत्या. मोरीतून सुटलेलं पाणी फेस काढत पुढे जात होतं. माझी नाराजी चेहऱ्यावर दिसत असणार. चौकीदारानं एका खोलीचं कुलूप काढलं. हे म्हणाले, "तू आत बघून घे. आम्ही वर जाऊन कंदील आणि बॅग घेऊन येतो. तू म्हणशील तिथं राहू. वर म्हणालीस तर वर... तू ठरव."

ते दोघं पायऱ्या चढून गेले. माझं ठरलेलंच होतं. वर. फक्त न बघता नाही म्हटलं असं नको, म्हणून मी दार ढकललं.

उघडेना. फुगलेलं दार जसं अडतं तसं नाही, आतून कुणी पाठ लावून उभं राहिल्यासारखं. जरा आत जायचं आणि परत बाहेर.

"आदी नाव घ्या."

लहान मुलीचा आवाज. दाराला अगदी चिकटून.

"कोण आहे गं आत?"

"नाव घ्या. मंग आत."

मला हसूच आलं. चौकीदाराची मुलगी असणार, नवी नवरी बघून खेळायला मागच्या दारानं आत शिरली असणार. आजूबाजूला कुणी नव्हतं. इतके दिवस ओठात अडकलेला उखाणा मी त्या ओल्या दाराला ऐकवला:

"नगर सोडलं, माहेर सोडलं, आले प्रवरेच्या तीरी,
दिनकररावांचं नाव घेते, उभी तुमच्या दारी."

आतून आलं, "ब्येस हाय. सायकलवर आलात?"

"सायकलवर? इतक्या लांब? एस.टी.नं आलो बाई."

"दादा तर सायकलवर आननार हुता." आवाज रुसलेला. मग लगेच, "मला काय देनार?"

"तुला काय हवंय?"

"खिडकी."

"खिडकी कशी देणार?"

"खिडकीपाशी मी बसनार. तितून पानी येताना दिसतं. परत भांडायचं न्हाई."

"नाही भांडणार," मी म्हणाले. "खिडकी तुझी."

आणि दार हातानं सहज उघडलं.

खोली रिकामी होती. एक लाकडी बाज, कोपऱ्यात माठ ठेवायची तिवई, आणि समोर गजांची एक खिडकी. दुसरं दार नाही. मी दारामागे बघितलं, बाजेखाली वाकून बघितलं, गजांना धरून बाहेर बघितलं. खाली सरळ दगडी भिंत उतरत गेली होती, तिच्या पायाशी पाणी. तिथं उभं राहायला चिमणीला जागा नव्हती.

वाचणाऱ्यांना वाटेल, मी किंचाळत बाहेर आले. नाही आले. भीती वाटायला हवी होती हे मलाही कळतं... पण मला त्या खोलीत फार बरं वाटलं. कुणीतरी रीतसर दार अडवून मला आत घेतलं होतं.

हे बॅग घेऊन आले. दारातच म्हणाले, "चल, वरच जाऊ. इथं फार ओल आहे."

"नाही. इथंच राहू. मी इथं शब्द देऊन बसलेय." आणि मी हसत हसत सगळं सांगितलं. चौकीदाराची मुलगी मोठी गमतीदार आहे, सायकलवर आलात का म्हणून विचारते!

मागून चौकीदार कंदील घेऊन येत होता. तो म्हणाला, "माझी पोरगी? मला दोनी पोरंच हायेत बाईसाहेब. अन् ती बी गावाकडं."

यांनी बॅग खाली ठेवली. "सायकल म्हणाली? नक्की सायकल?"

"हो. दादा सायकलवर आणणार होता म्हणाली."

हे उंबऱ्यावर बसले. चौकीदार कंदील ठेवून गेला तरी बसूनच राहिले. मग बोलले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं.

त्यांना एक धाकटी बहीण होती. छबू. कोल्हारच्या घाटावर बसून ती रोज विचारायची, दादा, एवढं पाणी येतं कुठून? हे सांगायचे, भंडारदऱ्याहून. सायकल घेतली की तुला दाखवायला नेईन. छबू तापानं गेली, आठ वर्षांची असताना. सायकल आली ती त्यानंतर.

"आणि बाहुल्यांच्या लग्नात ती दार अडवायची," हे म्हणाले. "मला सांगून ठेवलं होतं, दादा, तुझी बायको आली की मी सोडणार नाही, मोठं काहीतरी मागणार. ती गेली तेव्हापासून घरात कुणी तिचं नाव काढत नाही. आईला सोसत नाही... सुमन, त्या दिवशी दारात आई ओरडली ती तुझ्यावर नाही. तो मान छबूचा होता. दुसऱ्या कुणाला द्यायला तिचं मन झालं नाही."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. समोर पाणी वाहत होतं. तेच पाणी पुढे आमच्या घरावरून जाणार होतं. मनात पक्कं करून ठेवलेलं सगळं त्या आवाजात कधी वाहून गेलं, कळलं नाही.

आम्ही तिथंच राहिलो. खिडकीपाशी होती ती बाज ओढून दाराकडच्या भिंतीला घेतली. शिदोरीतला एक लाडू यांनी खिडकीत ठेवला. सकाळी तो नव्हता. चिमण्यांनी नेला असेल. मी चौकशी केली नाही.

कोल्हारला परतलो तेव्हा आत्याबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. सांगावं की नाही, हे वाटभर ठरत नव्हतं. त्यांच्या समोर बसले आणि सांगूनच टाकलं. सूप हातात तसंच राहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "काय मागितलं तिनं?"

"खिडकी."

आत्याबाई हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना गेला. "जळली ती खिडकी! रोज मारामारी दोघांची, खिडकीत कोन बसनार म्हनून. येनी वढायचा हा तिची." मग त्या उठल्या. माजघरातल्या घाटाकडच्या खिडकीला कित्येक वर्षं धान्याची पोती टेकून ठेवलेली होती. त्या म्हणाल्या, "दिनू, हलीव ती पोती. हवा येऊ दे घरात."

त्या दिवसापासून त्या मला "आमची सुमन" म्हणायला लागल्या. छबूचं नाव घरात परत आलं. पुढे आम्ही नगरला बिऱ्हाड केलं, मुलगी झाली, किती घरं बदलली. प्रत्येक घरात खिडकीची बाजू हे मोकळी ठेवत. का, ते कधी बोलले नाहीत.

मी वडिलांची मुलगी आहे, तेव्हा कारणं शोधली आहेतच. दार ओलीनं फुगलं असेल. लग्नघरात कुणी छबूबद्दल, सायकलबद्दल कुजबुजलं असेल, ते माझ्या कानावर पडून मनात राहिलं असेल. अपमान झाला होता, म्हणून मनानंच तो दूर करून घेतला असेल. प्रत्येक कारण पटतं, पण तो रुसलेला आवाज आठवला की एकही टिकत नाही.

आता शेवटचं.

हे फार लाजरे. आयुष्यात कधी उखाणा घेतला नाही. लग्नात सगळ्यांनी घेरलं तर "मराठीत काठावर पास झालोय" म्हणून सुटका करून घेतली. मुलीच्या लग्नात विहीणबाईंनी धरलं, तेव्हा मांडवातून नाहीसे झाले ते जेवायलाच उगवले. मी चिडवायचे, "एकदा तरी घ्या की माझं नाव!" तर म्हणायचे, "वेळ आली की घेईन."

या उन्हाळ्यात ते घरीच अंथरुणावर होते. त्या दुपारी मी उशाशी वाचत बसले होते. त्यांनी डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. माझ्याकडे नाही, दाराकडे. कुणीतरी पकडलं की माणूस हसतो, तसं ओशाळं हसले. "आत्ता? बरं..." म्हणाले. आणि मग, सावकाश, शब्द शोधत:

"धरणातून सुटलं पाणी, आलं कोल्हारच्या घाटात,
सुमनचं नाव घेतलं बघ, सोड आता आत."

मी दाराकडे बघितलं. पडदा हलतसुद्धा नव्हता. परत वळले, तोवर हे गेले होते.

जावई डॉक्टर आहेत. ते म्हणतात, शेवटी असं होतं, जुन्या आठवणी वर येतात. खरं असेल. माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही, आणि आता ते मिळेल असंही वाटत नाही. एवढंच कळतं की माझा तो जुना उखाणा तिनं एकदा ऐकलेला आहे, आणि तोच परत घेतला तर ती काही मला सोडायची नाही. म्हणून दुपारी खिडकीपासून जरा लांब बसून मी नवा जुळवायला घेतला आहे. पहिली ओळ जमली आहे.