भावजी मन मोकळं करायला जातात

माझे भावजी माणसाचं तोंड बघतात म्हणजे खरोखरच तोंड बघतात. चेहरा वगैरे नंतर. कुणी तासभर येऊन बसून गेलं आणि मागाहून विचारलं की कोण आलं होतं, तर नाव सांगता यायचं नाही. पण "खालची उजवी दाढ काढलेली, वरच्या सुळ्याला पिवळट झाक" एवढं अचूक सांगतील. कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडून त्यांच्याकडे मापं येतात. भावजी मागच्या खोलीत दिव्याखाली बसून गुलाबी मेणात एकेक दात रोवतात, आणि बोळक्या तोंडाची माणसं पुन्हा सफरचंद चावून खायला लागतात. त्यांची कवळी बसली नाही म्हणून परत आली, असं कधी झालं नव्हतं.

मग ताई गेली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भावजींची बायको. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत अकरा कवळ्या परत आल्या. कुणाला टोचायची, कुणाची बोलताना खाली यायची. एका निवृत्त मुख्याध्यापकांची तर भर सभेत, शिस्तीवर बोलत असताना बाहेर आली.

शेवटी ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त काम यायचं त्या डॉक्टरीणबाईंनी मलाच फोन केला. "तुमच्या भावजींचे हात ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "मी तपासून घेतलेत. माणूसच जागेवर नाहीये. त्यांना कुणाकडे तरी न्या." आणि त्यांनी सांगितलं की हल्ली चित्रं, माती, संगीत असल्या गोष्टींमधून मन मोकळं करायला मदत करणारे थेरपिस्ट असतात. तिथे फारसं बोलावं लागत नाही.

बोलावं लागत नाही हे ऐकल्यावर मला वाटलं, हे खास भावजींसाठीच काढलेलं दिसतंय. कारण ताईचा विषय निघाला रे निघाला की भावजी उठायचे. "गॅस बंद केलाय का बघतो." त्या घरातला गॅस दिवसातून नऊदा बंद व्हायचा. ताईचा फोटो कपाटात, तिची चप्पल माळ्यावर, आणि भावजी गॅसपाशी.

आता खरं काय ते सांगते. भावजींची काळजी होतीच, नाही असं नाही. पण जास्त गरज माझी होती. आईवडील नाहीत, ताई नाही. ताई कशी होती हे माझ्याइतकं माहीत असलेला एकच माणूस या जगात उरला होता, आणि मला त्याच्याशी तिच्याबद्दल बोलायचं होतं. पोट भरून बोलायचं होतं. तर मग मी कंबर कसली.

पहिले थेरपिस्ट चित्रांवाले होते. मोठी खोली, मोठ्या खिडक्या, भिंतभर रंगांचे फराटे. गृहस्थ अगदी हळू आवाजात बोलत होते, मला तर तिथेच झोप यायला लागली. भावजी दहा मिनिटं त्यांच्याकडे टक लावून बघत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "झोपेत दात खातो."

"कोण?"

"हाच. दाढा पार झिजल्यात. स्वतः रात्रभर दात खातो आणि माझं मन शांत करणार?"

दुसऱ्या ठिकाणी पंधरा जणांनी गोल बसून ताशे-डफ वाजवायचे होते. तिथल्या बाईंचा पुढचा दात नकली निघाला, आणि तोही रंग न जुळवता बसवलेला. भावजींनी तासभर डफ मांडीवर घेऊन त्या दाताचा शोक केला. निघताना त्यांनी बाईंना स्वतःचं कार्ड दिलं. मी त्या दिवशी भावजींशी बसथांब्यापर्यंत बोलले नाही.

तिसऱ्या बाई झेरॉक्सच्या दुकानावर एका खोलीत बसायच्या. एक लांब टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात बेसिन, रॅकवर रंगांचे डबे आणि ओल्या कापडात गुंडाळलेला शाडूचा गोळा. खालून झेरॉक्सच्या मशीनची घरघर यायची. बाई चाळिशीच्या, कोपरापर्यंत हातांना रंग लागलेला. "या काका," असं म्हणून त्या हसल्या, आणि मी धास्तावून भावजींकडे पाहिलं.

जिना उतरताना त्यांनी निकाल दिला. "चांगले आहेत. स्वतःचे आहेत. पुढच्या मंगळवारी येऊ."

येऊ म्हणजे दोघं. भावजी एकटे जायला तयार नव्हते, आणि मला सोडून त्यांना कुणी जिना चढवू शकलं नसतं. बाईंनी मला कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि एकच अट घातली: मी गप्प बसायचं. चौतीस वर्षं मी टपाल कचेरीच्या काउंटरवर काढली आहेत, दिवसाला दोनशे माणसांशी बोलून. तरी कबूल केलं.

पहिल्या मंगळवारी बाईंनी रंग पुढे केले आणि म्हणाल्या, आज जो आपला वाटेल तो रंग घ्या. भावजींनी सगळे पांढरे वेगळे काढले. मग त्यांत पिवळा मिसळत, करडा मिसळत, कागदावर ओळीने सोळा चौकोन रंगवले. "हा तिशीतल्या माणसाचा," ते बाईंना समजावू लागले. "हा सिगारेट ओढणाऱ्याचा. आणि हा तुमचा." बाईंनी तोंडाला हात न लावता, मनापासून हसून घेतलं. पुढच्या मंगळवारी संगीत लावून हात हवेत हवे तसे फिरवायला सांगितले, तर भावजींनी हवेत मेण मळलं. मी ओठ चावून बसले होते. बाई मात्र वहीत काहीतरी लिहून घेत होत्या, आणि मला त्यांची दया येत होती.

चौथ्या मंगळवारी शाडू निघाला. बाईंनी मूठभर गोळा त्यांच्यासमोर ठेवला. "आज काही ठरवू नका. हाताला जे सुचेल ते करा."

भावजींनी गोळा हातात घेतला, दाबून बघितला आणि विचारलं, "वरचा की खालचा?"

बाईंना कळेना. मला कळलं, पण मला बोलायची बंदी.

"तुम्हाला वाटेल तो," बाई म्हणाल्या. हे उत्तर त्यांनी अंदाजाने दिलं असावं.

मग पाऊण तास काम चाललं. भावजींनी खिशातून आपलं छोटं पातं काढलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि त्या मातीतून एक जबडा वर यायला लागला. आधी हिरड्या, मग दाढा, मग सुळे. या माणसाच्या अकरा कवळ्या परत आल्या होत्या यावर कुणाचा विश्वास बसला नसता. बाई जरा पुढे झुकून बघत होत्या. तोंड उघडं, सगळे दात बाहेर. त्यांनी त्यांच्या पद्धतीने अर्थ लावला असणार.

"काका," त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला यात राग दिसतो का?"

"राग नाही," भावजी म्हणाले. "वरचा जबडा दिसतो."

आणि तेवढ्यात त्यांनी पटाशीच्या डाव्या दाताशेजारचा दात लावला. तो सरळ बसला नाही. पुढच्या दातावर किंचित चढला. मला राहवलं नाही. इतक्या सुंदर कामात तेवढी एक चूक!

"भावजी, तो दात वाकडा बसलाय."

"वाकडा नाही." त्यांनी मान वर केली नाही. "तो तसाच आहे."

तेव्हा मी नीट बघितलं. मी उठून टेबलाशी गेले. ते ताईचं तोंड होतं.

मला वाटलं आता हे गॅस बघायला उठणार. पण तिथे गॅस नव्हता. भावजी त्या दाताकडे बघत बाईंशी बोलायला लागले, मी तिथे नसल्यासारखे.

"ती पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती तिच्या वडिलांची कवळी घेऊन. मी नवीन होतो, शहाणपणा दाखवायचा होता. म्हटलं, तुमचा हा दात दोन महिन्यांत सरळ करून घेता येईल, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. तिने लगेच तोंडावर हात ठेवला. आणि मग आयुष्यभर ठेवला. हसली की हात वर. लग्नाचा फोटो बघा, सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो बघा, तोंड दिसतच नाही. एकोणचाळीस वर्षं. मला तो दात आवडायचा हो. पण ते सांगायचं म्हणजे आधी माफी मागायला हवी होती, आणि ते राहत गेलं. इस्पितळात शेवटी शेवटी तिला एकच हात उचलता यायचा. मी काहीतरी वेडंवाकडं बोललो, तिला हसू आलं, तर तिने तेवढा एक हात उचलून तोंडावर नेला. माझ्यासमोर. माझ्यामुळे."

खाली झेरॉक्सचं मशीन थांबलं होतं. मला जे माहीत होतं ते त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"तुमच्यामुळे नाही," मी म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस, धाकटे."

"बोलणार. मी सात वर्षांची होते, ती बाराची. शाळेच्या मैदानात तिच्या मैत्रिणी जमल्या होत्या आणि मला त्यांनी खेळायला घेतलं नाही. म्हणून मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, ए वाकडदाती! मग सगळी शाळाच ओरडायला लागली. त्या दिवसापासून तिचा हात वर गेला. तुमच्या दुकानात ती आली त्याच्या अकरा वर्षं आधी."

भावजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. दातांकडे नाही, माझ्याकडे.

"कवळीची डबी होती तिच्या हातात," ते सावकाश म्हणाले. "एका हातात डबी. दुसरा हात..."

"दुसरा हात आधीपासूनच तोंडावर असणार."

"होता," ते म्हणाले. "होता की! तो खाली घेतला तेव्हाच तर मला दात दिसला."

त्यांनी पातं खाली ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, आणि रडतच होते, पण मध्येच हसत होते, आणि दोन्हींत कोणतं कुठे संपत होतं ते कळत नव्हतं. "कधी सांगितलं नाहीस ते!" ते म्हणाले. "इतके महिने माझ्या डोक्यावर बसलीस, बोला भावजी, मोकळे व्हा भावजी. ताशे-डफ वाजवायला नेलंस मला! आणि स्वतः एवढं गिळून बसली होतीस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काउंटरवर माझ्याकडे कधी उत्तर नव्हतं असं झालं नाही. "मी तिला एकदा तरी सॉरी..." इतकंच आलं.

बाई उठल्या. खिडकीतला कागदी रुमालांचा डबा त्यांनी उचलला, भावजींच्या मागून वळसा घालून आल्या, आणि तो माझ्यासमोर ठेवला.