गोल्डफिशची संकष्टी

बारा डिसेंबर. मटार सोलताना आमचा गोल्डफिश आठवला. आम्ही दोघं कंपनीच्या बसने हिंजवडीला गेलो की घरी सासूबाईंना सोबत त्याचीच. एका संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी तो पोट वर करून तरंगायला लागला आणि सासूबाईंना घास जाईना. त्याला बरणीत घालून बुधवार पेठेतल्या फिशटँकच्या दुकानात नेलं. "खायला काय घातलंत?" दुकानदाराने विचारलं. "साबुदाण्याची खिचडी. उपास होता ना," सासूबाई म्हणाल्या. "उपास त्याचा होता की तुमचा? आता तीन दिवस त्याला कडक उपास, मग उकडलेला मटार, साल काढून." चौथ्या दिवशी त्याने मटार खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत सरळ होऊन टाकीभर हुंदडू लागला. सासूबाई दोन पोळ्या जास्त जेवल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या संकष्टीला त्याला वरीचे तांदूळ देईन, हलके असतात." दुसऱ्या दिवशी सकाळी बस गाठण्याआधी मी साबुदाणा आणि वरी, दोन्ही डबे माळ्यावर टाकले.