माझ्या लिंकवरून कूलरचा पंप कोणी घेतला?

मंडळी, आज माझं पहिलं कमिशन जमा झालं! आकडा सांगत नाही, हसाल. पण दुपारी मेसेज दिसला आणि मी स्वयंपाकघरातून ओरडतच बाहेर आले.

तुम्हाला माहीतच आहे, मी घरच्या वस्तूंचे व्हिडिओ टाकते आणि खाली लिंक देते. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की मला कमिशन मिळतं. इतके दिवस नुसते लाइक यायचे. कूलरच्या पंपाचा व्हिडिओ टाकला आणि चक्क विकला गेला!

धावत जाऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांचं आयुष्य इतवारी बाजारात, भांड्यांच्या दुकानात गेलं.

"कोणी घेतला वं?" त्यांनी विचारलं.

"ते कळत नाही, बाबा. कंपनी नाव देत नाही."

"काहून? गिऱ्हाईक तुझं हाय ना? मंग विचार त्याले, पंप बराबर चालून राहिला का. एवढी गरमी, घरी लहान लेकरू असन. बंद पडला तर कोणाले सांगन तो?"

"कंपनीला सांगेल. माल त्यांचा आहे."

"अन् घे म्हणून कोणी सांगतलं?"

मी विषय बदलला. आनंदानं आणलेली संत्रा बर्फी समोर ठेवली, तर म्हणाले, "आधी विचार."

तर ज्यांनी माझ्या लिंकवरून पंप घेतला, त्यांनी प्लीज कमेंटमध्ये सांगा, पाणी नीट चढतंय ना?

बाबांनी अजून बर्फीला हात लावलेला नाही.