गाणं वर चढवताना

शेजारच्या सुशीलाकाकूंना गायनस्पर्धेच्या वेबसाइटवर मोबाइलमधलं गाणं अपलोड करायचं होतं. आज शेवटचा दिवस. फाइल मी शोधून दिली, बटण त्यांनी दाबलं. निळी पट्टी सरकू लागताच त्या कुजबुजल्या, "पंखा बंद कर."

"काकू, गाणं कधीच रेकॉर्ड झालंय. आता बोललात तरी चालेल."

"असू दे. वाटेत दचकायला नको."

एवढी शांतता मंत्र्यांच्या भाषणांनाही कधी लाभलेली पाहिली नाही. जीव लावलेली वस्तू दूर धाडताना माणूस आपोआप हळू बोलतो.

पट्टी भरली. "पोचलं, काकू!"

"मग मोबाइलमधलं गेलं?"

"नाही, तेही आहे."

"म्हणजे गळ्यासारखंच की! देऊन संपत नाही," म्हणत काकूंनी खुर्चीतच मांडी घातली आणि दुसरं गाणं सुरू केलं.