पिराजीअण्णांचं सहावं नामांकन

बंगळूरच्या यशवंतपूरला आमच्या समोरच्या घरात राहणारे पिराजीअण्णा कन्नड सिनेमात न्यायाधीश होते. तेवीस वर्षांत एकेचाळीस वेळा. कारखान्यातून रजा टाकून जायचे, काळा डगला चढवायचे, टेबलावर हातोडी आपटायचे आणि हीरोला निर्दोष सोडून संध्याकाळच्या बसने घरी यायचे. तीन वाक्यांच्या वर काम कधी मिळालं नाही. पण सवय अशी लागली होती, की सारात मीठ कमी आहे हेसुद्धा ते निकाल दिल्यासारखं सांगत.

बक्षीस मात्र एकही नाही. नामांकनं पाच. पाचही पत्रं फ्रेम करून भिंतीवर लावलेली. पाहुणा आला की अण्णा एकेका फ्रेमपाशी थांबून त्या वर्षी बक्षीस कुणामुळे हुकलं ते सांगत, तोवर पाहुण्याची कॉफी निवून जाई.

शहाण्णव साली सहावं नामांकन आलं. एका सिनेसाप्ताहिकाने सहायक अभिनेत्यांची पाच नावं छापली. त्यांतलं एक वाचकांनी निवडायचं होतं. अंकातलं कूपन कापायचं, नावापुढे खूण करायची, खाली सही-पत्ता लिहून पाठवायचं.

"आता जजसुद्धा तरुण लागतात म्हणे," अण्णा म्हणाले. "ह्या वेळी नाही तर कधीच नाही."

त्यांच्या बायकोने, चंद्राक्कांनी, ते फारच मनावर घेतलं. मिळतील तिथून त्या आठवड्याचे अंक गोळा केले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला कोसंबरीची डाळ, पेलाभर पानक आणि एक कूपन. एकशे बारा बायकांनी आपापल्या हाताने खुणा केल्या, सह्या केल्या. पोस्टात टाकण्याआधी चंद्राक्कांनी गठ्ठा गौरीपुढे ठेवला आणि एकेका कूपनाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं.

पंधरा दिवसांनी साप्ताहिकाचं पत्र आलं. एकशे बारा कूपनं रद्द. सर्वांवर एकाच बोटाचा ठसा असल्याने ती एकाच व्यक्तीने भरल्याचे दिसते.

"हे कुणी केलं?"

"मी. शुभ कामाचा कागद कोरा पाठवतात का कुणी?"

"लग्नपत्रिका होती का ती? माझं बक्षीस तू घालवलंस!"

दोन दिवस घरात अबोला. सार अळणी झालं तरी निकाल लागेना. तिसऱ्या दिवशी चंद्राक्का पदर खोचून आमच्या दारात उभ्या. "चल गं. सह्या केलेल्या आणखी आठ-नऊ जणी घे. गांधीनगरला त्या साप्ताहिकाच्या कचेरीत जायचंय."

संपादक नागराज यांच्या खोलीत खुर्च्या दोन, आम्ही अकरा. चंद्राक्का कन्नडमध्ये सुरू झाल्या, "नीट बघा. ह्या सगळ्या मिळून एक बाई दिसते का तुम्हाला?" मग प्रत्येकीला त्यांच्यासमोर सही करायला लावली. भागुबाईंनी दोनदा केली, पहिली स्वल्प वाकडी आली म्हणून.

नागराज हसू दाबत म्हणाले, "सरी अक्का, पटलं. धरली तुमची एकशे बारा." मग कूपनांचा दुसरा गठ्ठा काढून त्यांनी बेरीज केली. "साहेबांची झाली एकशे एकोणपन्नास. पण पहिल्याला एकवीसशे आहेत. साहेब पाचवे."

पाचांत पाचवे. आम्ही खाली बघितलं. चंद्राक्कांचा चेहरा मात्र उजळला. परतीच्या बसमध्ये त्यांनी सगळ्यांना शेंगदाणे घेऊन दिले.

घरात पाऊल टाकता टाकताच त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत? माझी कूपनं धरली, तरी पाचवेच. माझ्यामुळे नाही हरलात, तुमचे तुम्हीच हरलात! मी सुटले बाई."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "धरून किती झाली?"

"एकशे एकोणपन्नास."

"म्हणजे आपल्या बायकांशिवाय सदतीस?" ते खुर्चीत पुढे सरकले. "ही कुणाची?"

"मला काय ठाऊक? त्या गठ्ठ्यात वरचंच एक देवनहळ्ळीचं होतं. गंगव्वा म्हणून कुणी."

"देवनहळ्ळीला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग तिने मला का दिलं?"

"का म्हणजे? आवडलं असेल तुमचं काम!" चंद्राक्का वैतागून म्हणाल्या आणि आत निघाल्या.

"थांब. परत म्हण."

"काय परत म्हणू? कुकर लावायचाय मला."

"आत्ता म्हणालीस ते."

चंद्राक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. खुर्चीच्या अगदी टोकाला येऊन बसले होते ते.

"आवडलं असेल तुमचं काम," त्या म्हणाल्या. ह्या वेळी त्यात वैताग नव्हता.