खतरा म्हणा, धोका म्हणू नका

माझ्या वडिलांना नाही म्हणायचं असलं की ते इंग्रजीत म्हणत. शहरातल्या सदर भागात एका ऑफिसात ते हेडक्लार्क होते, साहेबांचं इंग्रजी सुधारायचे, आणि त्यांचा लाडका शब्द होता 'डेंजर'. सायकल शिकते म्हटलं, डेंजर. मैत्रिणींबरोबर अंबाझरी तलावावर जाते म्हटलं, डेंजर. एवढ्या डेंजरमध्ये आम्ही जिवंत कसे राहिलो, देव जाणे!

एका गोष्टीला मात्र त्यांनी होकार दिला होता. "इंग्लिश घेऊन बी.ए. हो, मंग नोकरी कर. मी आडवा येत नाही." ते मी घट्ट धरून ठेवलं होतं.

कॉलेजात इंग्रजीच्या बाईंनी एक अख्खा तास या शब्दांवर घालवला. डेंजर आपल्यावर येतं, माणूस त्यात सापडतो. रिस्क आपण होऊन घेतो. 'टेक अ डेंजर' असं कोणी म्हणत नाही. हॅझर्ड वस्तूतच बसलेला असतो, उघड्या वायरीत, ओल्या फरशीत. पेरिल पुस्तकी, वादळातल्या जहाजांसाठी राखून ठेवलेला. आणि थ्रेटमागे बहुतेक वेळा कोणीतरी असतं, डोळे वटारून. मला वाटलं, बाई आमच्या घराबद्दलच बोलताहेत.

पास झाले आणि नरखेड तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत इंग्रजीची जागा मिळाली. एसटीने रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, तिथेच खोली घेऊन राहायचं होतं. सोमवारी हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला.

"एकटी पोरगी, परकं गाव. डेंजर."

"डेंजर नाही बाबा, रिस्क," मी म्हटलं. "अन् ती घेणाऱ्याची असते."

"मले इंग्रजी शिकवते?" ते कडाडले. "गेली तं या घरात पाय ठेवू नको!"

"हे थ्रेट झालं."

तोंडातून निघून गेलं. पण खोटं नव्हतं, मागे कशाला घेऊ? डोक्यात नुसता जाळ झाला होता. घासून घासून बी.ए. केलं ते काय पापड लाटायला?

इंग्रजी चालेना तसे ते मराठीवर आले. आईकडे वळून म्हणाले, "समजाव वं हिले. यात धोका हाय."

आई छिंदवाड्याकडची, माहेरी सगळं हिंदी. तिच्या लेखी संकट म्हणजे खतरा. धोका म्हणजे फसवणूक, दगा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी विजेच्या खांबावरची 'धोका' ही पाटी वाचून ती म्हणायची, "हा खांब कोणाले फसवते बापा?" आम्ही पोट धरून हसायचो.

त्या दिवशी कोणी हसलं नाही. पोळपाट बाजूला सारून ती उठली.

"हाय ना धोका! पण तो त्या गावात नाही. शिक म्हणाले, नोकरी कर म्हणाले, अन् आता पोरीले अडवून राहिले. धोका तं तुम्ही देऊन राहिले तिले."

तुला शब्दाचा अर्थ कळला नाही, असं वडील म्हणू शकले असते, हेडक्लार्कच ते! पण म्हणाले नाहीत. चहा तसाच सोडून अंगणात जाऊन बसले.

सोमवारी सकाळी माझी ट्रंक त्यांनीच उचलली. स्टँडवर आणून बसमध्ये चढवली. बस सुरू झाली तशी खिडकीची दांडी धरून म्हणाले, "रिस्क तुझी तू घे. डेंजर असलं तं मले कळव."

त्या गावात डेंजर काही कमी आलं नाही. कारण नसताना दार ठोठावणारा घरमालक होता, शाळेच्या वाटेवर अंगावर मोटारसायकल घालणारे टगे होते. घरमालकाची खोली मी सोडली, टग्यांना भर चौकात झापलं, आणि नोकरी केली.

दर सुट्टीत वडील विचारायचे, "काही डेंजर?"

"कुठलं काय बाबा!" मी म्हणायचे.

आईच्या भाषेत हा धोकाच. तो मी त्यांना खुशाल दिला.